साडेसात जुलांचा नाद

एअर रायफल घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पॉवर किती?" दुकानदाराला तो पाठ असतो, त्यामुळे गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आतच तो आकडे सांगायला लागतो. अमुक फूट प्रति सेकंद, तमुक जाडीची फळी आरपार. गिऱ्हाईक खूश होऊन बंदूक घरी नेतं, गच्चीवर पत्र्याचे डबे मांडतं, आठवडाभर शेजाऱ्यांची दुपारची झोप उडवतं आणि महिन्याभरात ती बंदूक कपाटावर जाऊन पडते. या बंदुका, त्या दुरुस्त करणारे आणि त्या चालवणारे लोक बरीच वर्षं जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की या छंदाचा घात त्या पहिल्या प्रश्नानंच केला आहे.

जगातली सगळ्यांत अचूक एअर रायफल म्हणजे ऑलिंपिकमध्ये वापरतात ती. तिची किंमत काही लाखांत जाते आणि ती छऱ्याला देते साधारण साडेसात जूल एवढीच ऊर्जा. पाऊण किलोची पिशवी जमिनीवरून कमरेपर्यंत उचलायला लागते तेवढी. काही हजारांत मिळणाऱ्या आपल्याकडच्या स्प्रिंगच्या कित्येक बंदुका याहून जास्त जोर लावतात. जोराला भाव असता तर सगळी पदकं त्यांनीच नेली असती.

एवढ्याशा जोरावर साधायचं काय असतं, ते बघा. दहा मीटरवरच्या स्पर्धेचं लक्ष्य अवघं साडेपंचेचाळीस मिलिमीटर रुंद. त्यात एकात एक वर्तुळं. नऊ गुणांचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छरा असतो साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. तो ठिपक्याला नुसता चाटून गेला तरी दहा मिळतात, पण आता तेवढ्यानं भागत नाही. त्या दहाचेही १०.० ते १०.९ असे तुकडे पाडतात. १०.९ हवे असतील तर छऱ्याचा मध्य आणि ठिपक्याचा मध्य जवळजवळ एकमेकांवर बसावे लागतात. हे करायचं उभ्यानं, साडेपाच किलोपर्यंतची रायफल हातात धरून, पंचाहत्तर मिनिटांत साठ वेळा.

इथं जोर काय कामाचा? लागतो तो सारखेपणा. पहिल्या छऱ्याला जेवढा वेग, तेवढाच साठाव्याला.

*

आपल्यातल्या बहुतेकांची या बंदुकीशी पहिली गाठ पडते ती जत्रेत. फळ्यावर रंगीत फुगे, समोर आडवी टाकलेली बाकडी, त्यावर दोन-तीन छऱ्याच्या बंदुका. दस्त्याला सुतळी गुंडाळलेली, नेमाची पुढची माशी कधीच वाकून गेलेली. फुगेवाला बंदूक मुद्दाम वाकडी करून ठेवतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला ते अर्धंच खरं वाटतं. दिवसभर मोडून भरली जाणारी, वर्षानुवर्षं तेलाचा थेंब न पाहिलेली बंदूक मुद्दाम वाकडी करावी लागत नाही. नळीचा सांधा ढिला होतो, वॉशर झिजतो, दस्त्याचे स्क्रू हलतात आणि ती आपसूक वाकडी मारायला लागते.

पण जुहूच्या वाळूत फळा लावून बसलेल्या पोराला म्हणावं, तू मारून दाखव. तो त्याच बंदुकीनं ओळीनं फुगे फोडतो. बंदूक किती डावीकडं आणि किती खाली मारते, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. आपणही पहिला छरा फुग्यावर न मारता दोन फुग्यांमधल्या फळ्यावर मारावा, तो कुठं लागला ते बघावं आणि पुढचा नेम तेवढाच उलट्या बाजूला सरकवून धरावा. बंदूक वाकडी असली तर निभावून नेता येतं. ती लहरी असली की संपलं.

*

लहरी बंदुकांना वळणावर आणणारा एक माणूस मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भेटला. दिवसभर लेथवर पंपाचे शाफ्ट आणि बुश काढायचे, संध्याकाळी शटर अर्धं ओढायचं आणि बंदुका उघडायच्या. पैसे घेतो, पण त्यात त्याचं घर चालत नाही. नाव छापायचं नाही, ही पहिली अट. "नाव छापलं की उद्या सगळी पेठ बंदुका घिऊन दारात. मग लेथ कुणी चालवायचं, पाव्हणं?"

मी गेलो तेव्हा टेबलावर एक जुनी आयएचपी पडली होती. ही आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये सुरू केलेली मुंबईची कंपनी. गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या सिमेंटच्या नळ्या तिच्या, हे ठाऊक असतं. पण याच कंपनीनं एअर रायफलीही बनवल्या, हे सांगितलं तर लोक चक्रावतात. घडण जर्मनीच्या डायना बंदुकांच्या वळणाची. डायनाची कंपनी १८९० मध्ये रास्टाट या गावात निघाली. तिथल्या 'मॉडेल ३५'सारख्या बंदुका जगभर नकलल्या गेल्या आणि आपल्याकडं ज्या दणकट, जड, लाकडी दस्त्याच्या बंदुका आजोबांच्या खोलीत दिसायच्या, त्यांतल्या कित्येकींच्या अंगात तेच रक्त.

आतली रचना सोपी आहे. नळी खाली मोडली की एक दांडा मागं सरकतो, पिस्टनला मागं ढकलतो आणि त्याच्यामागची लांबलचक स्प्रिंग दाबली जाते. पिस्टन खटक्यात अडकतो. उघड्या नळीच्या तोंडात छरा बसवायचा, नळी सरळ करायची. ट्रिगर ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढं फेकते, पुढची हवा चिमटीएवढ्या जागेत दाबली जाते, तापते आणि एका बारीक भोकातून छऱ्याच्या पाठीवर आदळते. लोकांना वाटतं, स्प्रिंग छऱ्याला ढकलते. स्प्रिंग छऱ्यापर्यंत पोचतच नाही. काम करते ती हवा, आणि हवा धरून ठेवण्याचं काम पिस्टनच्या तोंडावरच्या एका वॉशरचं. बंदुकीचा सगळा स्वभाव त्या वॉशरवर.

मिस्त्रीनं आधी नळी मोडून तोंडात छरा नाही याची खात्री करून घेतली, मग बंदूक दस्त्यातून सोडवून एका लोखंडी चौकटीत आडवी धरली. चौकट त्यानंच बनवलेली : चॅनेलचा तुकडा, एका टोकाला जाड आट्यांचा स्क्रू. तो स्क्रू मागच्या टोपणावर टेकवून दाब घेतला, पिना पंचनं ठोकून काढल्या आणि स्क्रू उलटा फिरवत स्प्रिंग हळूहळू मोकळी केली. "ह्यात घाई केली की स्प्रिंग छातीत," तो म्हणाला. बंदूक ताणलेली नसतानाही ही स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते, म्हणून यूट्यूब बघून नुसत्या हातानं टोपण उघडणाऱ्यांचे दात आणि बोटं जातात.

स्प्रिंग बाहेर आली ती पोटात वाकलेली. ग्रीस काळं, डांबरासारखं चिकट. पिस्टनवरचा चामड्याचा वॉशर वाळून कवडीइतका कडक झालेला, कडेला चिरा. मिस्त्रीनं तो नखानं टकटक वाजवून दाखवला.

नवा वॉशर त्यानं चप्पल लाइनीतून आणलेल्या चामड्याचा केला. कोल्हापुरी चपलेचं ते झाडाच्या सालीत कमावलेलं, जाड, दाट कातडं. गोल कापून कोमट पाण्यात भिजवलं, लेथवर काढलेल्या दोन भागांच्या साच्यात दाबून वाटीच्या आकाराचं केलं आणि तसंच वाळायला ठेवलं. पुरतं वाळल्यावर कड धारदार पात्यानं छाटायची, तेलात मुरवायचं, मग पिस्टनला बसवायचं. वाटीची कड बाहेरच्या बाजूला किंचित फाकलेली राहते आणि दाब आला की सिलिंडरच्या भिंतीला चिकटते. बाजारात प्लास्टिकचे तयार वॉशर मिळतात, नव्या बंदुकांत तेच असतात आणि ते चांगलेही असतात. पण जुन्या बंदुकीच्या सिलिंडरचं माप कुठं तरी अर्ध्या दोऱ्यानं इकडंतिकडं असतंच. तिथं चामडं समजूतदारपणे बसतं.

मग खरं काम. स्प्रिंगची दोन्ही टोकं घासून सपाट केली आणि तेलाच्या दगडावर गुळगुळीत. पिस्टनच्या कडांवरचे खरखरीत ओरखडे काढले. स्प्रिंगच्या आतून जाणारा जुना पत्र्याचा दांडा काढून टाकला आणि त्याजागी नायलॉनच्या गोल कांबीतून नवा कातला, स्प्रिंग त्यावर किंचित घट्ट बसेल अशा मापाचा. जुन्या बंदुकीतून ट्रिगर ओढल्यावर जो 'टँ...ग' असा लांबलेला आवाज येतो, तो या दोहोंमधल्या सैलपणाचा. स्प्रिंग मोकळी थरथरते, ती थरथर दस्त्यातून गालापर्यंत येते आणि माशी हलते. नळीच्या तळाशी रबराची छोटी रिंग असते, तीही बदलली. ती गळते का, हे बघायची त्याची युक्ती साधी आहे : सांध्यावर टिश्यूचा कपटा ठेवायचा आणि बंदूक उडवायची. कपटा उडाला तर हवा तिथून जातेय.

वेग मोजायचं छोटं यंत्र त्याच्याकडं आहे. उघडण्याआधी ही बंदूक कधी सेकंदाला दीडशे मीटर, कधी एकशे ऐंशी, अशी मनाला येईल तशी छरे फेकत होती. जोडल्यावर आकडे एकशे बहात्तर ते एकशे शहात्तरच्या आत घुटमळायला लागले. सर्वांत वरचा आकडा आधीपेक्षा उतरला होता आणि त्याचा चेहरा खुलला होता.

तेवढ्यात कॉलेजातला एक पोरगा आला. हातात नवी बंदूक. "मामा, ह्यात भारी स्प्रिंग टाका की. जरा दणका वाढवा."

"ताकद बघायची आसंल तर तालमीत जा, भावा. हितं सारखेपणा बघायचा."

पोरगा हिरमुसला. पण मिस्त्रीचं म्हणणं नुसतं तत्त्वाचं नव्हतं, यंत्राचं होतं. सिलिंडरमध्ये हवा मावते तेवढीच मावते. जड स्प्रिंग टाकली की पिस्टन जास्त वेगानं जातो, पण थोड्याच जादा जोराच्या बदल्यात धक्का भरमसाठ वाढतो. वॉशर फाटतो, दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, वर बसवलेल्या दुर्बिणीची आतली काच हलते. त्यात कुणी सिलिंडरमध्ये शिलाई मशिनचं तेल ओतलं असेल तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते पेट घेतं. फाडकन आवाज, नळीच्या तोंडाशी धूर. पोरांना हा पराक्रम वाटतो. प्रत्यक्षात तो आतला छोटा स्फोट असतो आणि प्रत्येक वेळी त्याचा जोर वेगळा असतो. नेमाची माती होते ती तिथं.

*

स्प्रिंगची बंदूक धरायचीही एक तऱ्हा आहे. नवखा माणूस ती खांद्याशी करकचून आवळतो. पिस्टन पुढं जाताना बंदूक मागं येते आणि पिस्टन थांबताना पुढं झेपावते. हे दोन्ही धक्के छरा नळीतून बाहेर पडायच्या सुमारासच घडतात. आवळून धरली की दर वेळी आवळण्याचा जोर वेगळा, म्हणून धक्क्याची दिशाही वेगळी. यावर उपाय असा की पुढचा हात उघडा ठेवावा, तळव्यावर बंदूक नुसती टेकवावी आणि तिला हवं तसं हलू द्यावं. ती हलणारच, पण दर वेळी सारखी हलेल. आपल्या हातातली वस्तू घट्ट धरू नये, हे शिकायला बहुतेकांना काही महिने लागतात.

जर्मनांनी हा प्रश्न यंत्रातच सोडवला. नेकार नदीकाठच्या ओबेर्नडॉर्फमधल्या फाइनवेर्कबाऊ कंपनीनं १९६० च्या दशकात अशी रायफल आणली, जिची आतली सगळी यंत्रणा ट्रिगर ओढताच दस्त्यातल्या रुळांवरून मागं सरकते. धक्का आतल्या आत जिरतो, गालाला कळतही नाही. पुढं वाल्थरनं स्प्रिंगच काढून टाकली. दांडा एकदा ओढून हवा साठवायची आणि तीच सोडायची. आता स्पर्धेत दिसतात त्या सगळ्या भरलेल्या हवेच्या रायफली. नळीखालच्या नळकांड्यात २०० बारपर्यंत हवा. रेग्युलेटर त्यातून दर वेळी ठरावीक दाबाची मात्रा बाजूला काढतो, एक छोटी हातोडी व्हॉल्व्हवर टपली मारते. धक्का जवळपास शून्य.

भरलेल्या हवेची बंदूक ही खरं तर यातली जुनी चाल. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १७८० च्या सुमारास जिरांडोनी नावाच्या कारागिराची एअर रायफल वापरात आणली होती. वीस गोळ्या एकामागून एक झाडणारी, दस्ता म्हणजेच हवेची टाकी. तो दस्ता भरायला दीड हजारांच्या घरात पंप मारावे लागायचे. लुइस आणि क्लार्क या शोधप्रवाशांनी १८०३ नंतरच्या आपल्या अमेरिकेच्या मोहिमेत अशी एक बंदूक नेली होती आणि वाटेतल्या टोळ्यांपुढं ती उडवून दाखवत ते आपला दबदबा बसवत. तिथंही प्रश्न "पॉवर किती?" हाच होता.

*

लाखांची रायफल घेतली म्हणजे बंदुकीशी खटपट संपली, असं नाही. उलट ती वाढते. दस्त्याचा गालाचा भाग वर-खाली, खांद्याचा भाग तिरका, ट्रिगरची पट्टी पुढं-मागं, पकडीची मूठ आपल्या हाताच्या ठशाप्रमाणं. नेमबाज सहा-सात महिने यांच्या चाव्या फिरवत असतात. मग छरे. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे व्यास छापलेले असतात आणि एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन घाण्यांत फरक पडतो. म्हणून रायफल शिकंज्यात आवळून दहा मीटरवर वेगवेगळ्या घाण्यांचे छरे झाडतात, सगळ्यांत लहान भोक पाडणारा घाणा निवडतात आणि त्याच्याच डब्या घाऊक घेऊन ठेवतात. चपट्या डोक्याचा हा छरा कागदात पंचिंग मशिनसारखं गोल भोक पाडतो, त्यामुळे गुण मोजायला वाद राहत नाही.

अभिनव बिंद्रा हे या खटपटीचं टोक. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग. पात्रता फेरीत ५९६ गुण, चौथा क्रमांक. अंतिम फेरीपूर्वी सरावाचा पहिला छरा झाडला तर तो चारच्या वर्तुळाकडं गेला. रायफलीच्या नेमपट्टीला काहीतरी झालं होतं. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात हे सांगितलं आहे. हाताशी काही मिनिटं. त्यांनी ना रायफल बदलली, ना डोकं धरून बसले. क्लिक मोजत नेमपट्टी पुन्हा जागेवर आणली. अंतिम फेरीत १०४.५ गुण. शेवटच्या छऱ्याआधी फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होता. हॅकिनेनला ९.७, बिंद्रांना १०.८. एकूण ७००.५ आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. स्पर्धेचं वर्णन करणारे त्या १०.८ वर थांबतात. मला ती क्लिक मोजणारी मिनिटं जास्त मोठी वाटतात. आपली बंदूक कोणत्या स्क्रूच्या कितव्या फेऱ्यावर काय करते, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती मिनिटं वापरता येतात.

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा घट्ट आहे आणि तिचा मोठा वाटा बायकांनी उचलला आहे. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर घडलेल्या अंजली भागवत सिडनी २००० मध्ये दहा मीटरच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि २००२ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर होत्या. सुमा शिरूर यांनी २००४ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण नोंदवले, म्हणजे चाळीसच्या चाळीस छरे दहात. आज त्या पनवेलला मुलं घडवतात. दीपाली देशपांडे अथेन्सला खेळल्या आणि त्यांच्या तालमीत तयार झालेल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य आणलं. स्वप्नील कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. दुधाळी रेंजवर घडलेल्या तेजस्विनी सावंतही कोल्हापूरच्याच. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनच्या जगज्जेत्या. या दोघांची पदकं पॉइंट टू-टू काडतुसाच्या रायफलीवरची आहेत, पण नेमबाजीची बाराखडी बहुतेक सगळे एअर रायफलवरच गिरवतात. आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील तर २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचाच जगज्जेता झाला, वयाच्या अठराव्या वर्षी.

*

या छंदाचा एक डाग आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. छऱ्याच्या बंदुकीनं आपल्याकडं सगळ्यांत जास्त जर काही मारलं असेल तर ती पाखरं. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली मुंबईच्या खेतवाडीत वाढलेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी दिलेल्या खेळण्यातल्या एअर गननं लहानपणी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कोणती, म्हणून मामांनी चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलर्ड साहेबांकडं पाठवलं आणि तिथून सलीम अलींचा पक्षिशास्त्राचा रस्ता सुरू झाला. १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचं नावच त्या पडलेल्या चिमणीवरून आहे. ही गोष्ट सांगून आजही काही जण पोरांच्या हातात बंदूक देणं गोड करून घेतात. ते १९०८ च्या सुमाराचं जग होतं. एका पोराचे सलीम अली झाले. बाकीच्या हजारोंच्या हातून नुसतीच पाखरं पडली.

आज कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बहुतेक सगळ्या रानपाखरांना संरक्षण आहे. छऱ्यानं मारलं काय आणि गोळीनं मारलं काय, गुन्हा तोच. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारनं एअर गन परत करण्याची मोहीम काढली आणि दोन हजारांहून जास्त लोकांनी स्वतःहून बंदुका आणून दिल्या. जंगलं मुकी झाली, हे तिथल्या लोकांना कुणी सांगावं लागलं नाही. आपल्याकडं कोकणात वानर-माकडांच्या उपद्रवानं टेकीला आलेला बागायतदार छऱ्याची बंदूक घेतो. त्याची तक्रार खरी आहे. पण छऱ्यानं माकड सहसा मरत नाही, जखमी होतं, जखम चिघळते आणि ते कळपासकट पुन्हा बागेत येतंच. बागायतदाराचं दुखणं सरकारनं ऐकावं. छरा हा त्यावरचा उपाय नव्हे.

बंदुकीचाही कायदा माहीत असावा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं साडेचार मिलिमीटर, म्हणजे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन, व्यासाच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर गनला परवाना लागत नाही. साडेपाच मिलिमीटरच्या, म्हणजे पॉइंट टू-टू छऱ्याच्या बंदुकीला लागतो. आणि परवान्याशिवाय घेतलेल्या बंदुकीत भारी स्प्रिंग किंवा जादा दाब भरून ती २० जुलांच्या पलीकडं नेली तर ती त्याच क्षणी विनापरवाना शस्त्र ठरते. "जरा दणका वाढवा" या वाक्याचा शेवट पोलिस ठाण्यातही होऊ शकतो. म्हणून मिस्त्री वेग वाढवायचं काम घेत नाही. जोडून झालं की यंत्रावर आकडे बघतो आणि वहीत लिहून ठेवतो.

*

आता थोडं कामाचं, कारण पावसाळा सरला की माळ्यावरची बंदूक गंजाच्या तोंडी असते.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत नळीवरचा निळसर मुलामा हाताच्या घामानंही गंजतो. हाताळून झाल्यावर तेलाचं फडकं फिरवावं, कापडी खोळीत बंदूक वर्षभर कोंबून ठेवू नये. खोळ ओल धरते. नळीत आणि बाहेरून तेल चालेल, सिलिंडरमध्ये साधं तेल कधीही नाही. छरा न घालता स्प्रिंगची बंदूक उडवू नये. समोर अडवणारी हवा नसली की पिस्टन थेट टोकावर आपटतो. ताणून ठेवून विसरू नये. नळी मोडून छरा भरताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरावी. खटका निसटला तर ती उसळून बोटं चेचते. भरलेल्या हवेची रायफल असेल तर नळकांड्यावरची तारीख वाचावी. दहा वर्षं झालेलं नळकांडं स्पर्धेत चालत नाही आणि घरातही चालवू नये. २०० बार ही थट्टा नव्हे. हातपंपानं हवा भरणाऱ्यांनी पावसाळ्यात पंपातली ओल शोषणाऱ्या गोळ्या बदलाव्यात, नाहीतर पाणी आत जाऊन व्हॉल्व्ह कुरतडतं. छरे शिशाचे असतात. ते दातात धरायची काही जणांना खोड असते, ती सोडावी, आणि वडा खाण्याआधी साबणानं हात धुवावेत. लहान मुलांच्या हाती छऱ्यांची डबी देऊ नये.

दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. एवढी सरळ, बंद, मागं भक्कम आडोसा असलेली जागा नसेल तर गच्चीत प्रयोग करू नका. कडक पृष्ठभागावरून छरा उलटून येतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. त्यापेक्षा जवळच्या रायफल क्लबात जा. बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी एक तरी आहे, आणि बहुतेक क्लबांत पहिल्या काही दिवसांसाठी त्यांचीच रायफल देतात. अडीच-तीन लाखांची रायफल घ्यायची की नाही, हे तिथं सहा महिने घालवल्यावर ठरवा. ठाण्या-पुण्याचे काही लोक तर भारतीय बनावटीच्या साध्या रायफलवरच खूश आहेत आणि ते चुकत नाहीत.

आणि माळ्यावर आजोबांची जुनी बंदूक असेल तर ती आधी ताणून बघू नका. वॉशर वाळलेला असेल, स्प्रिंग वाकलेली असेल. कुणा जाणत्या मिस्त्रीकडं न्या, उघडून घ्या, नवा वॉशर टाका, कागदावर दहा छरे मारा आणि ते किती जवळ पडले ते मोजा. किती खोल गेले, ते मोजू नका.